जळका बुंधा की अस्वल

शनिवार, मिझुला ते थॉम्पसन फॉल्स

मेहुण्याचे सासरे जन्मभर लाकूडतोडीच्या धंद्यात होते. आता निवृत्त आहेत, एक गुडघा नवीन बसवलाय, तरी मे महिना लागला की त्यांचा पाय घरात ठरत नाही. यंदा त्यांनी जावयाला फर्मान सोडलं, की अस्वलाच्या शिकारीला येताना तुझ्या बहिणीच्या नवऱ्यालाही घेऊन ये, दुर्बिणीवर बसायला आणखी दोन डोळे लागतात. मी सिॲटलहून आदल्या रात्रीच मोंटाना राज्यातल्या मिझुलाला पोचलो होतो. बायकोनं फोनवर भावाला एवढंच बजावलं, "त्यांच्या हातात बंदूक देऊ नकोस." तशी वेळच येणार नव्हती. परवाना मेहुण्याकडे आणि त्याच्या सासऱ्यांकडे. मी नुसता बघ्या.

मोंटानात अस्वलाचा परवाना काढण्याआधी एक परीक्षा द्यावी लागते. फोटो पाहून काळं अस्वल कोणतं आणि ग्रिझली कोणती हे ओळखायचं. मेहुण्यानं गाडीत बसल्याबसल्या माझ्याकडून तिची तयारी करून घेतली. रंगावर जायचंच नाही. काळ्या अस्वलांत तपकिरी असतात, दालचिनी रंगाची असतात, अगदी सोनेरी झाक असलेलीही असतात; उलट एखादी ग्रिझली लांबून काळीभोर दिसते. बघायचं ते खांद्यावरचं वशिंड, ते ग्रिझलीला असतं. मग नाकाची रेघ: ग्रिझलीचा चेहरा कपाळाखाली आत दबलेला, काळ्याचा सरळ. काळ्याचे कान त्या मानानं उभे नि मोठे, नखं आखूड. ग्रिझलीला १९७५ सालापासून केंद्र सरकारच्या कायद्याचं संरक्षण आहे. क्लार्क फोर्क नदीच्या उत्तरेला कॅबिनेट पर्वतात ग्रिझली आहेत, त्यामुळे ही परीक्षा इथे कागदापुरती राहत नाही.

मिझुलाहून पश्चिमेला महामार्ग ९०, सेंट रेजिसला तो सोडायचा, आणि मग १३५ नंबरचा रस्ता क्लार्क फोर्क नदीचा हात धरून पॅराडाइज नावाच्या चिमुकल्या गावाला नेतो. नदी बर्फाच्या पाण्यानं गढूळ आणि तुडुंब. प्लेन्सच्या पुढे उतारांवर पिवळ्या फुलांचे ताटवेच्या ताटवे. थॉम्पसन फॉल्सच्या अलीकडे रस्त्याला खेटून रानमेंढ्या चरत होत्या, गाड्यांकडे ढुंकूनही न बघता. गावाला नाव मिळालं ते डेव्हिड थॉम्पसनवरून. या नकाशे काढणाऱ्या गड्यानं १८०९ मध्ये इथं जवळच फरच्या, म्हणजे केसाळ कातड्यांच्या, व्यापाराचं ठाणं उभारलं होतं.

गावाच्या पुढे एका ओढ्याकाठी तंबू ठोकला. ओढ्याचं नाव लिहायचं नाही, ही सासरेबुवांची अट आहे आणि मी ती पाळणार आहे.

रविवार

सकाळी घाई नाही, हे मला अपूर्वाईचं वाटलं. शिकार म्हटलं की पहाटे चारला उठणं, असं माझ्या डोक्यात. पण वसंतातलं अस्वल उशिरा उठणारं. दुपारी तीननंतर ते खायला बाहेर पडतं आणि अंधार होईपर्यंत खात राहतं. आणि मेच्या शेवटाकडे इथे सूर्य मावळतो रात्री नऊच्या पुढे. कायद्यानं सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला मुभा आहे, म्हणजे दिवस भला लांब.

दहाच्या सुमारास वनखात्याच्या एका बंद फाटकापाशी गाडी लावली आणि चालायला लागलो. हे जुने लाकूडतोडीचे रस्ते. जनावरांना निवांतपणा मिळावा म्हणून त्यातले बरेच गाड्यांना बंद केलेत, पायी जायला हरकत नाही. तोड थांबल्यावर माती धरून राहावी म्हणून त्यांवर क्लोव्हर आणि गवताचं बी टाकलेलं असतं. सहा महिने गुहेत उपाशी काढून आलेल्या जनावराला आणखी काय हवं? बर्फ आधी वितळतो तो दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर, म्हणून हिरवळही तिथेच आधी, आणि अस्वलंही तिथेच. गुहेतून पहिले बाहेर पडतात नर. पिल्लांवाल्या माद्या सगळ्यात शेवटी.

रस्त्यावर शेणासारखा हिरवा पो पडला होता. सासरेबुवांनी काठीनं उलटला. आत निव्वळ गवत. "काल संध्याकाळचा," ते म्हणाले. पुढे एका लार्चच्या झाडाची साल कमरेच्या उंचीपासून खाली सोलून काढलेली, आतल्या ओल्या लाकडावर दातांच्या उभ्या रेघा. वसंतात सालीखालचा गोड थर अस्वलं खरवडून खातात. लाकूडतोड्याच्या नजरेनं ते झाड वाया गेलेलं, आणि ते दु:ख सासरेबुवांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. मी बुलढाण्याचा. ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपासच्या गावांत अस्वल म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला किंवा शेतात राखणीला गेलेल्या माणसाची आणि अस्वलाची अचानक गाठ पडते आणि अस्वल अंगावर येतं. चेहरा फाटलेली माणसं मी लहानपणी बाजारात पाहिली आहेत. आमचं अस्वल वाघाच्या मुलखात वाढलंय, पळण्यापेक्षा भिडणं त्याच्या रक्तात आहे. इथलं काळं अस्वल झाडांच्या मुलखातलं. चाहूल लागली की पळतं, पिल्लं झाडावर चढतात. हे मी वाचलं होतं, पण पायांना ते पटायला वेळ लागला. तिघांच्याही पट्ट्याला मिरचीच्या फवाऱ्याचा डबा होताच, तो ग्रिझलीसाठी.

दुपारी एका खडकाच्या नाकावर ठाण मांडलं. समोर दरी, पलीकडे किलोमीटरभर अंतरावर उतार: गवताचे पट्टे, हिमलोटांनी साफ केलेल्या पन्हळी, मधे झुडपं. दुर्बिणी तिपाईवर. हातात धरलेल्या दुर्बिणीत काहीही दिसत नाही, कारण हात हलतो आणि डोळा थकतो. सासरेबुवांची पद्धत अशी, की दुर्बिणीत जेवढा तुकडा मावतो तेवढाच डोळ्यांनी चाळून संपवायचा, मग तिपाई थोडी सरकवायची, पुढचा तुकडा. उतार संपला की पुन्हा पहिल्यापासून, कारण दहा मिनिटांपूर्वी रिकामी असलेली जागा आता रिकामी असेलच असं नाही.

पहिल्या तासात मी बरीच अस्वलं शोधली. सगळी बुंधे निघाली. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो आणि मोंटानाच्या सीमेवर सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. त्या आणि त्यानंतरच्या आगींतले कोळसा झालेले लार्चचे बुंधे या डोंगरांत अजून उभे आहेत. काळे, गोल, अस्वलाएवढेच, आणि उन्हातल्या हवेच्या लहरींत हलल्यासारखेही दिसतात. मी मेहुण्याला दाखवायचो, तो बघायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, हे गेल्या वर्षीपण इथंच होतं."

साडेसातला एक बुंधा चालायला लागला.

नुसता काळा ठिपका, पण त्याचा काळेपणा वेगळा. बुंध्याचा काळा रंग राखट असतो. हा ओल्या डांबरासारखा ऊन पिऊन टाकत होता. अंतर दीड किलोमीटरच्या वर, मधे दरी, हातात दीड तास. सासरेबुवांनी मान हलवली. आम्ही तो ठिपका झाडीत शिरेपर्यंत बघत बसलो.

सोमवार

पाऊस. धुकं दरीत असं बसलं की समोरचा उतारच गायब. दुपारी उघडीप मिळाली तेव्हा मी जुन्या जळक्या पट्ट्यात मोरेल अळंबी वेचली, ओंजळभर मिळाली, लोण्यात परतून खाल्ली. येताना पायांवर गोचिडी. इथे गोचीड चेष्टेवारी नेत नाहीत. दक्षिणेकडच्या बिटररूट खोऱ्यात ठिपक्यांच्या तापानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसं मरत होती आणि तो गोचिडींमुळे येतो हे तिथेच उलगडलं.

संध्याकाळी तंबूत वाद झाला. विषय वसंतातली शिकार असावी की नसावी. मेहुण्याची बायको, म्हणजे सासरेबुवांचीच लेक, हरणाची शिकार करते, पण अस्वलाच्या वसंतातल्या शिकारीला येत नाही. तिचं म्हणणं मेहुण्यानं तिच्या गैरहजेरीत प्रामाणिकपणे मांडलं: या दिवसांत माद्यांबरोबर दुधावरची पिल्लं असतात, आई मेली की पिल्लं गेली. पिल्लांवाली मादी मारायला कायद्यानं बंदी आहे, हे खरं. पण आई चरताना पिल्लं झाडावर ठेवून येते, तेव्हा ती एकटीच दिसते. आमच्या वॉशिंग्टन राज्यात याच वादातून नोव्हेंबर २०२२ मध्ये वन्यजीव आयोगानं ५ विरुद्ध ४ मतांनी वसंतातली हौशी शिकार बंद केली. आमिष लावून आणि कुत्री सोडून अस्वल मारणं तर तिथे १९९६ च्या सार्वमतातच गेलं होतं.

सासरेबुवांना तो निकाल आठवला की राग येतो. पण त्यांचंही एक आहे. सीमेपलीकडे आयडाहोत पिंपात खाद्य ठेवून अस्वल बोलावता येतं, मोंटानात त्याला बंदी. आणि त्यांना ती बंदी मान्य आहे. मी म्हटलं, आमिषावर आलेलं अस्वल वीस पावलांवर असतं, तिथे नर-मादी, पिल्लं हे तरी नीट दिसतं, मग तुमच्या मुलीच्या मुद्द्याला आमिष जास्त धरून नाही का? त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या मते या वादातला तो सगळ्यात अडचणीचा प्रश्न आहे. डोंगर चढून, हेरून केलेली शिकार मनाला जास्त सरळ वाटते, पण त्यात चूक व्हायची शक्यताही जास्त. तिच्यावर औषध एकच, बघत बसणं.

मंगळवार

किती वेळ बघत बसायचं, ते मंगळवारी कळलं.

चार वाजता ऊन पडलं, उतारांवरून वाफ निघायला लागली, आणि पाच वाजता पलीकडच्या हिमलोटाच्या पन्हळीत एक तपकिरी अस्वल. मोठ्या दुर्बिणीत ते पूर्ण मावत होतं. आधी परीक्षेचा धडा: वशिंड नाही, चेहऱ्याची रेघ सरळ, कान उभे. काळं अस्वल, रंगानं दालचिनी. म्हशीसारखं चरत होतं. मान खाली, पुढचा पाय थोडा दुमडलेला, जीभ बाहेर काढून गवताचा झुबका ओढायचा, चावायचा, पुन्हा जीभ. अस्वल म्हणजे नखं नि दात, एवढंच ठाऊक असलेल्या माणसानं हे जरूर पाहावं.

मेहुण्यानं बूट आवळले, पाठपिशवी घेतली. सासरेबुवा डोळा न काढता म्हणाले, "बस."

नर की मादी, हे लांबून ठरवणं सोपं नाही. नराचं डोकं रुंद, कान त्यामुळे लहान आणि एकमेकांपासून दूर वाटतात. पुढचे पाय जाड, खांद्यापासून पंजापर्यंत एकसारखे. मादीचं तोंड निमुळतं, मनगट बारीक. या अस्वलाचे कान मला मोठे वाटत होते. पण मला रविवारी बुंधेही अस्वल वाटले होते, म्हणून मी गप्प.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. अस्वल चरतंय. मेहुणा चुळबुळतोय, कारण तिथे पोचायलाच तास लागणार. मला त्या अस्वलात काहीच संशयास्पद दिसत नव्हतं, फक्त दर थोड्या वेळानं ते मान वर करून डावीकडच्या एका फरच्या झाडाकडे बघायचं. वारा घेत असेल, असं मेहुणा म्हणाला. सासरेबुवांनी मोठी दुर्बीण त्या झाडाकडे वळवली आणि मला म्हणाले, "बुंध्यापासून वर मोज. तिसरी फांदी."

तिसऱ्या फांदीच्या बेचक्यात एक काळा गोळा. त्याच्या वर दुसरा, तो आईच्या रंगाचा. जानेवारीच्या सुमारास गुहेत जन्मतात तेव्हा ही पिल्लं पाव किलोच्या आसपास असतात. आता मांजराहून थोडी मोठी. आई झाडाखाली आली, काहीतरी आवाज केला असावा, तो आमच्यापर्यंत आला नाही, आणि दोन्ही गोळे सालीवरून मागच्या मागे सरकत उतरले.

मेहुण्यानं बूट सैल केले. नंतर तंबूत मी विचारलं, की हे दिसलं नसतं तर? "सासरे उठले असते तर मीही उठलो असतो," तो म्हणाला. त्यानं बायकोला लगेच मेसेज केला नाही, कारण रेंज नव्हती. असती तर केला असता का, हे त्याचं त्याला माहीत.

बुधवार

वाऱ्याचा दिवस. सकाळी थंड हवा उतरणीला लागते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. सगळी आखणी या हवेवर. मेहुण्याच्या खिशात पावडरची छोटी बाटली असते, दाबली की पांढरा ढग उडतो आणि हवा कुठे जाते ते दिसतं. अस्वलाचं नाक विलक्षण.

सहा वाजता एकटं काळं अस्वल, मोठं, आमच्याच बाजूच्या कड्याखाली. तासभर निरखलं. आजूबाजूच्या झाडांची फांदी न् फांदी पाहिली. मग मेहुणा निघाला. मी नि सासरेबुवा दुर्बिणीवर. फोन, वायरलेस असलं काही वापरायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. माझ्या हातात पांढरा टॉवेल. अस्वल डावीकडे गेलं तर टॉवेल डावीकडे, जागीच असेल तर छातीशी. डोंगरावरच्या माणसाला समोरून ओळखीचा वाटलेला उतार तिथे पोचल्यावर परका होतो, म्हणून खुणा आधी ठरवलेल्या: वाळलेला लार्च, फुटका खडक, मग पडलेलं झाड.

मेहुणा फुटक्या खडकापर्यंत पोचला. अस्वल त्याच्यापासून तीनशे यार्डांवर, पाठमोरं. ढग सूर्यावर आला. मला माझ्या मानेवर गार झुळूक लागली, आणि सासरेबुवा हळूच म्हणाले, "गेलं." ढग आला की तापलेला उतार निवतो, हवा वेळेआधीच खाली वळते. अस्वलानं डोकं उचललं, नाक वर करून एकदाच हलवलं आणि झाडीत शिरलं. त्यात घाई म्हणून नव्हती.

गुरुवार

आज मी मेहुण्याबरोबर. सासरेबुवांचा गुडघा सुजला होता, ते खडकावर टॉवेल घेऊन बसले.

साडेपाचला, वापर सुटलेल्या एका रस्त्याच्या वळणावर, क्लोव्हरमध्ये, काळं अस्वल. डोकं एवढं रुंद की कान बाजूला लावल्यासारखे वाटत होते. तरीही पाऊण तास बसलो. झाडं पाहिली. त्यानं एकदाही मान वळवून कुठल्या झाडाकडे पाहिलं नाही. एकदा एका लहान फरच्या अंगावरून सरळ चालत गेलं, पुढच्या पायांमधे ते झाड घेऊन पोट घासत; ही नराची खोड, अंगाचा वास झाडाला लावायची. जोडीचे दिवस जवळ आले होते. सासरेबुवांनी अंगठा वर केला.

खाली दरीत उतरलो, ओढा ओलांडला, पलीकडे चढ. अल्डरची झुडपं बर्फानं दाबून उताराच्या दिशेनं आडवी वाढलेली, त्यातून जायचं म्हणजे प्रत्येक पाऊल उचलून पलीकडे ठेवायचं. माझा श्वास मलाच मोठ्यानं ऐकू येत होता. मेहुणा दर पन्नास पावलांना पावडर उडवायचा. हवा तोंडावर. एकदा त्यानं मागे वळून हातानंच विचारलं, ठीक ना? मी मान हलवली. एरवी हा मुलगा घरी बहिणीच्या जेवणाला नावं ठेवत सोफ्यावर लोळतो.

रस्त्याच्या कडेला पोटावर सरकत पोचलो. अस्वल तिथेच होतं, पावणेदोनशे यार्डांवर. समोरच्या खडकावर टॉवेल छातीशी. मेहुण्यानं पाठपिशवी पुढे ठेवून तिच्यावर सासऱ्यांची थर्टी-ऑट-सिक्स रायफल टेकवली. आणि थांबला. अस्वल आमच्याकडे तोंड करून चरत होतं. तशी गोळी मारायची नाही. ते आडवं व्हायला हवं, जवळचा पुढचा पाय पुढे टाकायला हवा, म्हणजे फुप्फुसांवरची जागा मोकळी होते. मी त्या वेळात अस्वलाच्या तोंडातून लोंबणारं क्लोव्हरचं फूल पाहिलं. मला आतून वाटत होतं की यानं झाडीत शिरावं. आणि तितकंच वाटत होतं की मेहुण्याला ते मिळावं. दोन्ही खरं होतं, आणि ते खोडून लिहायची मला गरज वाटत नाही.

अस्वल आडवं झालं. पाय पुढे आला. मेहुण्यानं श्वास सोडला.

आवाज डोंगरांत फिरून परत आला तोवर अस्वल रस्त्याखाली दिसेनासं झालं होतं. मग खालून एक लांब, खर्जातला कण्हण्याचा आवाज. मेहुण्यानं मला याची कल्पना दिली होती, काही अस्वलं मरताना असं कण्हतात. सांगून ठेवलेलं असूनही माझ्या पोटात गोळा आला. अर्धा तास थांबलो. मग खाली गेलो. रक्त जवळजवळ नाहीच, दाट केसांत ते जिरून जातं. चाळीसेक पावलांवर अल्डरच्या जाळीत ते पडलं होतं.

मेहुण्यानं बंदूक रिकामी केली, बाजूला ठेवली आणि हात जोडले. मीही जोडले. काय म्हणायचं असतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी पंजा हातात घेतला. तळवा काळा, खरखरीत, भेगाळलेला, उबदार. नखं इंचाहून थोडी मोठी, टोकं झिजलेली. बोटांच्या बेचक्यात माती आणि पाइनचा डिंक. दुर्गंधी येईल म्हणून मी तयारीत होतो. येत होता तो ओल्या गवताचा वास. कानाच्या आत गोचिडी ओळीनं चिकटलेल्या. दाढांत हिरवं गवत अडकलेलं, वरचा एक सुळा तुटून गुळगुळीत झालेला. पाठीवरचे केस बोटभर लांब आणि दाट. वसंतातली कातडी यासाठीच नावाजतात, नंतर उन्हात घासून तिला टकलं पडतात.

सूर्य गेला. सासरेबुवा तासाभरानं काठी टेकत आले, सुजलेल्या गुडघ्यानिशी, कुणी बोलावलं नसताना. डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात काम चाललं. मोंटानात अस्वलाचं मांस रानात टाकून येता येत नाही. शेजारी आयडाहोत ती सक्ती नाही. आधी कातडी, डोकं आणि पंजे तिलाच ठेवून. कातडी निघालेलं अस्वल माणसासारखं दिसतं असं ऐकून होतो. ते खांदे, ते दंड. मी दिव्याची दिशा थोडी बदलली. मग चारही फरे, पाठीचे लांब पट्टे, मानेचं मांस, सगळं कापडी पिशव्यांत. वसंतात चरबी फारशी नसते, जी थोडी कमरेपाशी होती ती सासरेबुवांनी वेगळी बांधून घेतली. त्यांच्या घरी 'पाय' (pie) या भाजलेल्या पदार्थाची पारी तिच्यातच होते. हे सगळं चालू असताना आमच्यापैकी एकजण पाळीपाळीनं फवाऱ्यावर हात ठेवून अंधाराकडे तोंड करून उभा, कारण रक्ताचा वास घेत कोण येईल ते सांगता येत नाही. कुणी आलं नाही.

एका खेपेत निघालो. माझ्या पाठीवर एक मागचा फरा, एक पुढचा आणि पाठीचं मांस. त्या रस्त्यानं जाताना तंबू लांब वाटला नव्हता. पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता.

शुक्रवार, मिझुला

रेंज आल्याबरोबर मेहुण्यानं शिकारीची नोंद केली. ती ४८ तासांत करावी लागते. शिवाय एक दात काढून खात्याकडे पाठवायचा. तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. झाडाच्या खोडात असतात तशी वर्षाची वलयं दातातही पडतात, त्यांवरून वय कळतं.

स्वयंपाक मेहुण्याच्या बायकोनं हाती घेतला. शिकारीला ती येत नाही, पण घरात आलेलं मांस वाया जाऊ देणार नाही. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचे सूक्ष्म कृमी असू शकतात, आणि उत्तरेकडची त्यांची जात गोठवूनही मरत नाही. २०२२ मध्ये एका कुटुंबाच्या मेळाव्यात दीड महिना गोठवलेल्या अस्वलाचे कबाब केले होते. सहाजणांना लागण झाली, त्यातल्या दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता, नुसत्या त्यासोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. म्हणून आमच्या कोशिंबिरीची पाटी नि सुरी वेगळी, आणि मांसाच्या आतलं तापमान १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, दाखवेपर्यंत कुणी ताट वाढायचं नाही. मी म्हटलं, प्रेशर कुकरला एवढं काय. खामगावहून आलेला काळा मसाला घालून मी रस्सा केला, सहा शिट्ट्या, आणि तरी तिनं थर्मामीटर खुपसलाच. १९८ निघालं.

चव गोडसर, बकऱ्यापेक्षा गडद, रेषा लांब. उग्रपणा नाही. सासरेबुवा नाकातोंडातून पाणी गाळत दोनदा वाढून घेऊन जेवले.

जेवताना मेहुण्यानं मंगळवारची मादी आणि तिसऱ्या फांदीवरचे दोन गोळे यांची हकीकत बायकोला सांगितली, काही न लपवता, आपण बूट आवळले होते त्यासकट. ती ऐकत राहिली आणि वडिलांना म्हणाली, "पाऊण तास? मी तासभर थांबले असते." त्यावर ते काही बोलले नाहीत, भाकरीचा तुकडा मोडला.

मग दाताचं पाकीट टेबलावर फिरलं. वय कळायला कित्येक महिने लागतात, म्हणून पैजा लागल्या. मेहुणा म्हणतो सात वर्षं. सासरेबुवा तुटक्या सुळ्यावरून बारा म्हणतात. मी दहा म्हटलं, कारण मधला आकडा उरला होता. हरणाऱ्यानं पुढच्या मेमध्ये आठवडाभर सगळ्यांची भांडी घासायची.